तीव्र ताण आणि स्मरणव्यापाराच्या तीन अवस्था

भयाच्या प्रसंगी माणसाची बोबडी वळते, असे मराठीत म्हणतात; आणि तोच प्रसंग काळजावर कोरला गेला, असेही म्हणतात. एकाच भावावस्थेमुळे तोंडचा शब्द नाहीसा व्हावा आणि त्याच अवस्थेतील अनुभव मात्र जन्मभर पुसला जाऊ नये, ही गोष्ट सकृद्दर्शनी परस्परविरोधी वाटते. स्मृती ही एकच एक शक्ती असून ताणामुळे ती वाढते किंवा घटते, असे गृहीत धरले तर हा विरोध सुटत नाही. प्रायोगिक मानसशास्त्राने तो सोडविला, तो हे गृहीत टाकून देऊन. तीव्र ताणाचा परिणाम काय होईल हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : स्मरणव्यापाराच्या कोणत्या अवस्थेत तो येऊन पडतो, आणि त्यानंतर किती वेळ लोटलेला असतो.

स्मरणव्यापाराच्या तीन अवस्था मानण्यात येतात. अनुभव किंवा शब्द प्रथम मनात घेणे हे ग्रहण. घेतलेले टिकाऊ होणे हे दृढीकरण. आणि टिकलेले योग्य वेळी वर आणणे हे पुनःस्मरण. तीव्र ताण म्हणजे अल्पकाळ टिकणारा, विशिष्ट प्रसंगाने उत्पन्न होणारा ताण होय. महिनोन्‌महिने चालणाऱ्या विवंचनेचे परिणाम निराळे असून त्यांचा विचार येथे प्रस्तुत नाही.

निरनिराळ्या अपायकारक कारणांना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते, हे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे दाखविले. ह्या प्रतिसादाचे दोन प्रवाह आज स्पष्टपणे ओळखता येतात. पहिला शीघ्र असतो. काही सेकंदांतच अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि मेंदूत नॉरअॅड्रेनॅलिनचे प्रमाण वाढते. दुसरा प्रवाह मंद असतो. हायपोथॅलॅमसकडून पिट्युइटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्य स्तराला संदेश जातो, आणि तेथून कॉर्टिसॉल स्रवते. रक्तातील त्याचे प्रमाण ताण सुरू झाल्यापासून साधारणतः २० ते ३० मिनिटांनी सर्वाधिक होते. हे द्रव्य मेंदूत सहज पोहोचते. ह्याच जातीचे संप्रेरक उंदरांच्या मेंदूतील हिपोकॅम्पस ह्या भागात विशेषेकरून धरून ठेवले जाते, असे ब्रूस मॅकइवेन व त्यांचे सहकारी यांना १९६८ मध्ये आढळले. प्रसंग व शब्दार्थ यांची नवी स्मृती घडविण्यात हिपोकॅम्पसचे स्थान मध्यवर्ती असल्यामुळे ह्या शोधाचे महत्त्व उघड आहे.

प्रथम दृढीकरणाचा विचार करू गेल्यास असे दिसते की, येथे ताण स्मृतीला साह्यकारी होतो. १९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींना चित्रांसह एक कथा दाखविली. कथेच्या मध्यभागी एका मुलाला भीषण अपघात होतो. एका आठवड्यानंतर सर्वसाधारण श्रोत्यांना हा भाग इतर भागांपेक्षा अधिक आठवला. ज्यांना आधी प्रोप्रानोलॉल हे नॉरअॅड्रेनॅलिनच्या कार्याला अटकाव करणारे औषध देण्यात आले होते, त्यांच्यात मात्र हा अधिकपणा आढळला नाही. कथेचा साधा भाग त्यांना इतरांइतकाच आठवत होता. १९०३ नव्हे, तर थेट २००३ मध्ये केहिल यांनी केलेल्या दुसऱ्या प्रयोगात चित्रे पाहून झाल्यावर हात बर्फगार पाण्यात बुडवावयास लावले, तेव्हा भावोत्कट चित्रांची स्मृती अधिक टिकली. काळजावर कोरले जाणे ह्या वाक्प्रचारामागील वास्तव ते हेच. मेंदूतील अमिग्डाला हा भाग क्षोभकारी अनुभवाचे महत्त्व जणू नोंदवून घेतो आणि हिपोकॅम्पसमधील दृढीकरणाला बळ देतो.

ग्रहणाच्या बाबतीत स्थिती इतकी सरळ नाही. तणावग्रस्त मनाचे अवधान संकोचते. जे धोक्याशी निगडित असते ते ठळकपणे घेतले जाते आणि भोवतालचा तपशील निसटतो. म्हणून प्रसंग विसरता येत नाही, ह्यावरून त्याचा तपशील बिनचूक आठवतो असे सिद्ध होत नाही. चार्ल्स मॉर्गन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. शत्रूच्या कैदेत निभाव कसा लावावा याचे शिक्षण घेणाऱ्या ५०० हून अधिक अमेरिकी सैनिकांची त्या शिक्षणाचाच भाग म्हणून उलटतपासणी झाली होती. सुटकेनंतर २४ तासांनी त्यांना तपासणी करणारा ओळखावयास सांगण्यात आले. प्रत्यक्ष ओळखपरेडमध्ये सौम्य तपासणी करणारा सुमारे ६२ टक्के सैनिकांनी अचूक ओळखला. अत्यंत कठोर तपासणी करणारा अवघ्या ३० टक्क्यांनी. तो समोरासमोर, पुरेशा उजेडात, बराच वेळ दिसलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या खात्रीवर किती भार टाकावा, हा प्रश्न न्यायव्यवहाराला टाळता येत नाही.

तिसरी अवस्था पुनःस्मरणाची. येथे ताण बहुधा बाधक ठरतो, आणि काळाचे महत्त्वही येथेच विशेष दिसून येते. डॉमिनिक द क्वेर्व्हां व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पाण्यातील लपलेली जागा शोधण्यास शिकविलेल्या उंदरांना विजेचा सौम्य झटका दिला. चाचणीच्या ३० मिनिटे आधी झटका दिल्यास त्यांना जागा आठवेना. २ मिनिटे किंवा ४ तास आधी दिल्यास स्मरण अबाधित राहिले. बाधेचा हा काळ मंद प्रवाहाच्या गतीशी जुळणारा आहे. २००० मध्ये त्यांनीच निरोगी माणसांना आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवण्यापूर्वी एक तास कॉर्टिझोन दिले, तेव्हा आठवणाऱ्या शब्दांची संख्या घटली. तेच द्रव्य शब्द शिकण्याच्या आधी किंवा लगेच नंतर दिल्याने असा परिणाम झाला नाही. अर्थात शब्द नष्ट झालेले नव्हते. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट तात्पुरती अडली होती.

मानवी ताण प्रयोगशाळेत उत्पन्न करण्याची जी रीत आज सर्वाधिक प्रचलित आहे, ती जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये सिद्ध झाली. तीत व्यक्तीला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे भाषण करावे लागते, आणि मग १०२२ मधून १३ वजा करीत जावे लागते. चुकल्यास पुन्हा आरंभापासून. विद्यापीठीय मौखिक परीक्षेशी असलेले हिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. ह्या रीतीचा अवलंब करून कुलमान, पील आणि व्होल्फ यांनी २००५ मध्ये असे दाखविले की, ताणानंतर भावनार्थक शब्दांचे मुक्त स्मरण घटते. मात्र सूचक शब्द पुरविल्यास ही घट दिसत नाही.

स्मृतीबरोबरच विचारशक्तीवरही परिणाम होतो. अनेक बाबी एकाच वेळी मनात धरून त्यांची जुळवाजुळव करणे हे कपाळामागील अग्रमस्तिष्काचे कार्य होय. नॉरअॅड्रेनॅलिन व डोपामिन यांचे प्रमाण फार वाढले म्हणजे तेथील पेशीजालांचे कार्य दुबळे होते, असे एमी आर्नस्टन यांच्या संशोधनावरून दिसते. श्वाबे आणि व्होल्फ यांनी २००९ मध्ये दाखविल्याप्रमाणे ताणाखालील माणूस हेतूचा विचार करून वागण्याऐवजी सवयीच्या कृतीकडे वळतो. संकटात हा गुण उपकारक असेल. प्रबंधावरील अनपेक्षित प्रश्नाचे उत्तर देताना तो उपकारक नव्हे.

ह्या सर्व संशोधनाचा एकत्रित आढावा ग्रँट शील्ड्स व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घेतला. ११३ अभ्यास आणि ६२१६ व्यक्ती यांवर आधारलेल्या त्या आढाव्यातून हेच चित्र स्थूलमानाने पुष्ट झाले : पुनःस्मरणापूर्वीचा ताण बाधक, ग्रहणोत्तर ताण बहुधा साह्यकारी, आणि ग्रहणाच्या वेळचा ताण बहुतांशी बाधक, मात्र विषय ताणाशीच निगडित असून विलंब अल्प असल्यास तसा नव्हे.

अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली तयारीसंबंधी. स्मिथ, फ्लोअर्के आणि टॉमस यांच्या २०१६ मधील प्रयोगात १२० व्यक्तींनी शब्द व चित्रे शिकली. काहींनी ती पुनःपुन्हा वाचली, तर काहींनी न पाहता आठवून पाहण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी ताण दिल्यावर वाचणाऱ्यांचे स्मरण घटले; आठवून पाहणाऱ्यांचे घटले नाही. एका प्रयोगावर सार्वत्रिक नियम उभारता येत नाही, हे खरे. तथापि पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारण्याची जुनी पाठांतरपद्धती अगदीच अशास्त्रीय नव्हती, असे म्हणावयास आधार मिळतो.

दुसरी गोष्ट मूल्यमापनासंबंधी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. मौखिक परीक्षेत उमेदवार निरुत्तर झाला म्हणजे त्याला विषय येत नाही, असे अनुमान सहज काढले जाते. वरील पुराव्यावरून हे अनुमान सदोष ठरते. कारण न शिकलेले आणि शिकूनही त्या क्षणी हाती न लागणारे, ह्या दोहोंचे बाह्य रूप एकच असते, ते म्हणजे मौन. त्यांतील भेद ओळखण्याचे साधन परीक्षकाजवळ आहे. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारणे, एखादा धागा पुरविणे, थोडा वेळ देणे, ह्यांनी परीक्षेचा दर्जा खालावत नाही. ज्याला विषय येत नाही त्याला धागा पुरवूनही उत्तर देता येणार नाही; ज्याला येतो त्याला मात्र ते देता येईल, आणि परीक्षेचे प्रयोजन तरी ह्या दोघांना वेगळे ओळखणे हेच आहे.