युद्धात हॉस्पिटल बदललं, तरी मुलांची केमो कशी चालू राहिली?

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. रात्री दोनला फोन वाजतो, एक सर्व्हर पडलेला असतो. सगळं ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरवर वळवायचं आणि परत झोपायचं. याला आम्ही फेलओव्हर म्हणतो. युक्रेनमधल्या कॅन्सरग्रस्त मुलांबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, तिथल्या डॉक्टरांनीही हेच केलं. फक्त त्यांना आजारी मुलं हलवायची होती.

नेमकी अडचण काय होती?

२४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं आणि कीवच्या ओखमतदित या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट तळघरात न्यावे लागले. पण केमो तळघरात किती दिवस देणार? लहान मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरचे, म्हणजे एएलएलचे, उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात, तेही ठरलेल्या टप्प्यांत. मध्येच मोठा खंड पडला तर आजार उलटू शकतो.

मग मुलं कशी हलवली?

'सेफर युक्रेन' नावाच्या मोहिमेत अमेरिकेतलं सेंट ज्यूड हॉस्पिटल, युक्रेन आणि पोलंडमधल्या संस्था एकत्र आल्या. रस्ता साधारण असा होता:

- आधी पश्चिमेकडच्या ल्विव शहरात मुलाची तब्येत स्थिर करायची.
- मग सीमा ओलांडून पोलंडमधल्या बोखेनिएत्सला न्यायचं. तिथे एका हॉटेलचंच क्लिनिक केलं होतं. त्याचं नाव युनिकॉर्न.
- तिथे तपासून कोणाला आधी आणि कुठे पाठवायचं ते ठरवायचं.
- शेवटी युरोप किंवा उत्तर अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये उपचार पुढे सुरू.

अशी हजाराहून जास्त मुलं बाहेर पडली.

खरी गंमत फाईलमध्ये आहे

केमोचा डोस बऱ्याचदा मुलाची उंची आणि वजन पाहून काढतात. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाची तर आयुष्यभराची मर्यादा असते, ती ओलांडली तर हृदयाला धोका. म्हणजे आधी किती दिलंय हे कळलं नाही, तर नवा डॉक्टर पुढचा डोस कशाच्या भरवशावर देणार? म्हणूनच स्वयंसेवकांनी युक्रेनियन भाषेतल्या फाईल्सचं इंग्रजीत भाषांतर केलं. मुलासोबत त्याचा डेटाही निघाला.

जनरेटर पुरेसा नाही का?

वीज गेली तर युपीएस काही मिनिटं धरून ठेवतो, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. पण इमारतच पडली तर? ८ जुलै २०२४ ला ओखमतदितवर क्षेपणास्त्र पडलं. ज्या इमारतीत मुलांचं डायलिसिस व्हायचं तीच उद्ध्वस्त झाली. एका डॉक्टरसह दोघांचा जीव गेला. मुलांना शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटल्समध्ये हलवावं लागलं. आम्ही सर्व्हरची कॉपी वेगळ्या शहरात ठेवतो ती याचसाठी. पण त्या डॉक्टरची कॉपी कुठेच नसते. माझ्या कामात आणि त्यांच्या कामात फरक आहे तो इथेच.

तुम्ही आज काय कराल?

घरात कोणाचे मोठे उपचार चालू असतील, तर डिस्चार्ज कार्ड, औषधांची नावं आणि डोस, शेवटचे रिपोर्ट यांचे स्पष्ट फोटो काढा. इंटरनेट नसतानाही उघडतील असे सेव्ह करा. एक कॉपी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, लगेच उरकून टाका.