शरीराला नाव देताना

उरणसमोरील घारापुरीच्या लेण्यांत त्रिमूर्तीच्या दोन्ही अंगांस भव्य द्वारपाल उभे आहेत आणि त्यांच्यालगत कमी उंचीचे सेवक कोरलेले आहेत. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या या लेण्यांची छायाचित्रे नवी मुंबईतील आमच्या काही विद्यार्थ्यांनी संगणकावर संग्रहित करावयास घेतली. प्रत्येक छायाचित्राखाली ते शोधता यावे म्हणून काही शब्द, ज्यांना आता सर्रास ‘टॅग’ म्हणतात, नोंदवावयाचे होते. त्या सेवकांच्या चित्राखाली एकाने ‘बुटका’ असे लिहिले. त्याच गटात कमी उंचीची एक विद्यार्थिनी काम करीत होती. ती काहीच बोलली नाही; मात्र पुढच्या बैठकीस ती आली नाही.

प्रसंग लहान, पण त्यातून उभा राहणारा प्रश्न लहान नाही. कलासंग्रह आता कपाटातून संगणकावर आले आहेत. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीद्वारे देशातील अनेक संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात. पूर्वी नोंदवहीतील शब्द अभिरक्षकापुरता राही. आज तो कोणाच्याही डोळ्यांपुढे येतो. ज्याच्या शरीराचे ते वर्णन असते, त्याच्याही.

शब्द म्हणजे केवळ सौजन्याचा भाग असे मानणाऱ्यांस अर्थशास्त्राचा एक साधा नियम सांगावासा वाटतो: ज्याचा वर्ग ठरत नाही त्याची गणना होत नाही, आणि ज्याची गणना होत नाही त्याच्या वाट्याला तरतूद येत नाही. १९९५ च्या अपंगांसंबंधीच्या कायद्यात सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. कमी उंचीच्या व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख या नव्या कायद्यात आला. वैद्यकीय वा आनुवंशिक कारणाने प्रौढपणीची उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असणे, अशी त्याची व्याख्या आहे. या व्याख्येत दया नाही, हेटाळणी नाही. मोजता येईल असे वर्णन आहे. स्पष्टता आणि आदर यांचे वैर नसते, हे त्यावरून दिसते.

आपल्या भाषेचा वारसा मात्र दुहेरी आहे. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ अशा म्हणी आपण सहज वापरतो. दुसऱ्या म्हणीत माणसाचे नपुंसकलिंग होऊन गेले आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. वधू-वरांच्या जाहिरातींतील ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ ही श्रेणी वर्णन नसून बाजारभावच असतो. उलट याच भाषेत आपण गणपतीला लंबोदर, एकदंत, वक्रतुंड म्हणतो. ही सर्व नावे देहाची वैशिष्ट्ये सांगतात आणि तरी त्यांत अवमानाचा लेशही नाही. पण शेजाऱ्यास ‘लंबोदर’ म्हणून पाहावे! तेव्हा शब्द कोणता एवढ्यावर भागत नाही. तो कोण, कोणाला आणि कशासाठी उच्चारतो हेही पाहावे लागते.

मग जुने शब्द सरसकट पुसून टाकावेत काय? तसे नाही. अभ्यासकाला जुन्या शब्दाने शोध घेता आलाच पाहिजे. अमेरिकेतील गेटी संस्थेच्या कला व वास्तुकला विषयक शब्दकोशात यावर सोपी तोड आहे: एका कल्पनेसाठी एक पसंतीचा शब्द ठरवावयाचा आणि पर्यायी शब्द तिच्याशी जोडून ठेवावयाचे. हीच रीत आपण धरली, तर जुना शब्द घालून शोधणारा योग्य चित्रापर्यंत पोहोचेल. पण चित्राखाली मात्र पसंतीचाच शब्द दिसेल.

उलट बाजूचा अतिरेकही टाळावयास हवा. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचविला आणि तो राजव्यवहारात रूढ झाला. महाराष्ट्राने २०२२ साली त्याच नावाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला. तथापि, अडचण पायऱ्यांची असताना देहाला दैवी म्हणणे हे वास्तवावर पांघरूण घालणे होय, अशी हरकत अपंगांच्या काही संघटनांनी घेतली होती. ती विचारात घेण्याजोगी आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दृक्-माध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे सांगताना हीनत्व रुजविणारे शब्द टाळण्यावर भर दिला. त्याचबरोबर निर्णयप्रक्रियेत त्या व्यक्तींचाच सहभाग असावा, असेही सांगितले.

यातून तीन पथ्ये निघतात. पहिले, जे दिसते तेच सांगावे. ‘बिचारा’, ‘विद्रूप’, ‘पीडित’ असा निवाडा देऊ नये. दुसरे, शिल्पाची परिभाषा जिवंत माणसावर लादू नये आणि माणसाची शिल्पावर लादू नये. घारापुरीतील अर्धनारीश्वर ही एक मूर्तिकल्पना आहे. तिच्याखाली ‘तृतीयपंथी’ असा टॅग लावल्याने मूर्तीचाही उलगडा होत नाही आणि २०१४ च्या न्यायनिर्णयाने ज्यांची स्वतंत्र ओळख मान्य झाली त्या नागरिकांचाही सन्मान होत नाही. तिसरे, ज्याचे वर्णन करावयाचे त्यालाच आधी विचारावे.

आम्ही उशिरा का होईना, विचारले. ती विद्यार्थिनी परत आली. ‘वामन’ हा शब्द तिने नाकारला. त्याचे कारणही व्यावहारिक होते: तो घातला की विष्णूचा अवतारच पुढे येतो. तिने सुचविले, ‘द्वारपालाचा सेवक, कमी उंचीची आकृती’. नोंद आता तशी आहे, आणि पूर्वीपेक्षा अधिक अचूक आहे.

पाषाणातील त्या सेवकाला आपण काय म्हणतो याने त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्याकडे पाहात उभ्या असलेल्या माणसाचे. संग्रह त्याच्यासाठीही आहे, याचे भान शब्द टंकणाऱ्या प्रत्येक हाताने ठेवावे.