सान निकांद्रोचे शनिवारकरी

1931 साली रोमचे प्रमुख रब्बी आंजेलो साचेर्दोती यांच्याकडे दक्षिण इटलीतल्या एका आडगावातून पत्र आलं. लिहिणारा दोनातो मांदुझिओ नावाचा माणूस. जन्माने कॅथलिक, पायांनी अधू, युद्धाच्या पेन्शनवर जगणारा, शाळेचं तोंड न पाहिलेला. म्हणणं एवढंच, की आम्ही काही गावकरी मोशेचं नियमशास्त्र मानतो, शनिवारी काम बंद ठेवतो, आम्हांला तुमच्या धर्मात घ्या. रब्बींना ही कुणाची तरी थट्टा वाटली. उत्तर गेलं नाही. मग पुन्हा पत्र आलं.

कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्रायलींबद्दल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंबद्दल, वाचत असताना हे गाव मला एका तळटिपेत भेटलं आणि नंतर त्याने पिच्छा सोडला नाही. धर्मांतराच्या गोष्टी आपल्याकडे काही कमी नाहीत. पण त्यांत बहुधा कुणीतरी कुणाला तरी वळवत असतं. मिशनरी असतो, सुफी असतो, राजा असतो, निदान एखादी प्रेमकहाणी तरी असते. इथे वळवणारं कुणीच नव्हतं. आसपास एक ज्यू नव्हता, आणि मांदुझिओला तर जगातच ज्यू उरलेत की नाही याची खात्री नव्हती. होतं ते एक पुस्तक.

गावाचं नाव सान निकांद्रो गार्गानिको. इटलीच्या बुटाच्या टाचेवर जिथे काटेरी आर असते तसा गार्गानोचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे, त्याच्या उत्तर अंगाला हे गाव. खाली फोज्जाची गव्हाची सपाटी, बड्या जमीनदारांची; आणि तिथे रोजंदारीवर राबायला डोंगरातून उतरणारे भूमिहीन मजूर. पूर्वी यांतले पुष्कळ अमेरिकेला जात. 1924 मध्ये अमेरिकेने कायदा करून तो दरवाजा जवळपास बंद केला. परत आलेल्या काही जणांनी तिकडून डॉलरबरोबर पेन्टेकॉस्टल पंथही आणला आणि लोकभाषेतलं बायबल आणलं. लॅटिन मिस्सा ऐकत वाढलेल्या कॅथलिक शेतमजुराच्या हातात बायबल पडणं ही त्या काळी साधी घटना नव्हती. पाद्री सांगेल तेवढंच शास्त्र त्याला ठाऊक असायचं.

आजूबाजूचा मुलूखही चमत्कारांना सरावलेला. मोन्ते सांत'आंजेलोची मिखाएल देवदूताची गुहा हजारेक वर्षांहून जुनं तीर्थ. जवळच्या सान जोवान्नी रोतोन्दोच्या मठात 1918 पासून पाद्रे पियो या भिक्षूच्या हातापायांवर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्याचा बोभाटा झालेला. अशा ठिकाणी आणखी एकाला दृष्टान्त झाला तर कुणी भुवया उंचावत नसे.

मांदुझिओचा जन्म 1885 चा. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला, आजारी पडला आणि पाय गमावल्यासारखाच झाला. लष्करी इस्पितळात वेळ काढायला अक्षर शिकला. गावी परतल्यावर या अक्षराने त्याला प्रतिष्ठा दिली. शार्लमेनच्या सरदारांच्या कथा वाचून दाखवणं, कार्निव्हलला नाटकं बसवणं, जडीबुटी, थोडा मंत्रतंत्र. आपल्याकडे सोंगी भारुड बसवणारा आणि उतारा काढून देणारा एकच माणूस असला तर जसा असेल, तसा हा होता. अशा माणसाला श्रोते मिळवावे लागत नाहीत.

ऑगस्ट 1930 मध्ये त्याला रात्री दृष्टान्त झाला. अंधार, एक आवाज, आणि न पेटवलेला दिवा हातात धरलेला माणूस. पाठोपाठ एका ओळखीच्या प्रोटेस्टंटाकडून आलेलं बायबल त्याच्या हाती पडलं. तो पहिल्या पानापासून वाचत गेला, आणि माझ्या मते सगळं रहस्य याच साध्या गोष्टीत आहे. ख्रिस्ती घरात वाढलेला माणूस सहसा जुना करार नव्या कराराच्या चष्म्यातून वाचतो. याने तो जसा छापला आहे त्या क्रमाने, आधी वाचला. सातवा दिवस विसाव्याचा, असं देव दगडावर लिहून देतो. मग चर्च रविवार का पाळतं? मूर्ती करू नको म्हटलं आहे. मग गावच्या मिरवणुकीत संतांचे पुतळे कसे? नियम पिढ्यानपिढ्यांसाठी आहे असं म्हटलं आहे. तो रद्द कुणी केला? मसीहा येईल तेव्हा तलवारींचे नांगर होतील म्हणतात. मग आत्ताच संपलेलं महायुद्ध काय होतं? हे प्रश्न नवे नाहीत. ज्यू आणि ख्रिस्ती पंडित त्यांवरून मध्ययुगाच्याही आधीपासून भांडत आले आहेत. पण त्या भांडणाचा एक कागदही न पाहिलेला माणूस एकटाच तिथवर पोचला.

शेजारीपाजारी जमू लागले. डुक्कर सुटलं, शनिवार आला, बायबलातली नावं आली. तो स्वतः लेवी झाला. आपण म्हणजे लोपलेल्या धर्माला पुन्हा उचलून धरणारी पहिली माणसं, अशी या मंडळींची समजूत होती. मग एका फिरत्या विक्रेत्याने त्यांना सांगितलं, की अहो, ज्यू शहरांत आहेत की, चांगली दुकानं-घरं करून राहतात! तेव्हा ती रोमची पत्रं सुरू झाली.

त्यांना न कळण्यात नवल नव्हतं. नेपल्सच्या राज्यातून ज्यूंना 1510 आणि 1541 मध्ये हाकललं गेलं. त्याआधी सान निकांद्रोचा हाच पुलिया प्रांत तोराच्या, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राच्या, अभ्यासासाठी युरोपभर नावाजलेला होता. बारी आणि ओत्रान्तोचे पंडित फ्रान्सपर्यंत माहीत होते. चारशे वर्षांत ते सगळं गावांच्या आठवणीतून पुसलं गेलं.

इथे मला थोडं आडवाटेला जायचं आहे. मांदुझिओच्या आधी आठशे वर्षं, शेजारच्याच मुलखात हे एकदा घडून गेलं होतं. ओप्पिदो गावच्या नॉर्मन घराण्यातला योहान्नेस नावाचा तरुण धर्मगुरू 1102 मध्ये ज्यू झाला, ओबाद्या झाला आणि अलेप्पो, बगदाद करत कैरोला पोचला. जुन्या कैरोच्या सिनेगॉगमधल्या गनिझात, म्हणजे जिथे देवाचं नाव असलेले जीर्ण कागद टाकून न देता साठवत त्या कोठडीत, त्याच्या हिब्रू आत्मकथेचे तुकडे सापडले. त्याच्याच हातची स्वरलेखनाची पानंही निघाली. हिब्रू शब्दांना लॅटिन मठातल्या खुणांनी बांधलेल्या चाली. हिब्रू संगीताचं इतकं जुनं स्वरलेखन दुसरं ज्ञात नाही. आपल्या आधी बारीचा खुद्द आर्चबिशप आन्द्रेआस ज्यू झाल्याचं ओबाद्या सांगतो. त्याच्याही कथेत स्वप्न आहे आणि संदेष्ट्याचं वचन आहे. मांदुझिओला यातलं काही ठाऊक असणं शक्य नाही. तरी स्वप्न आणि ग्रंथ ही जोडी तीच.

आता रोमकडे. साचेर्दोती यांना आडमुठे ठरवणं सोपं आहे. मी ठरवणार नाही. मुसोलिनी आणि पोप यांचा करार 1929 मध्ये झालेला, कॅथलिक धर्म हा राज्यधर्म. अशा वेळी कॅथलिक मजुरांना ज्यू करून घेतल्याचा बभ्रा झाला असता तर देशभरच्या ज्यूंना झळ बसली असती. शिवाय धर्मांतरासाठी आलेल्याला आधी परतवायचं, त्याची चिकाटी पाहायची, ही ज्यूंची जुनी रीतच. रब्बींनी शेवटी उत्तर दिलं, धीर धरा म्हणाले, पुस्तकं धाडली. 1935 मध्ये ते वारले. त्याच वर्षी सरकारने पेन्टेकॉस्टल पंथावर बंदी घातली आणि गावातल्या कुठल्याही बिगरकॅथलिक जमावाकडे पोलीस संशयाने बघू लागले. उत्तरेतल्या ज्यू पुढाऱ्यांपैकी रफाएले कांतोनी या उमद्या फॅसिस्टविरोधी माणसाने मात्र या लोकांशी धागा तुटू दिला नाही.

मांदुझिओची रोजनिशी हा या कहाणीचा खरा ठेवा. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये तो स्वप्नं, दृष्टान्त, कोण आलं, कोण रुसलं हे लिहीत गेला. तिच्यात दिसणारा माणूस गोड म्हातारा नाही. तो हट्टी आहे, संशयी आहे, आपला शब्द शेवटचा मानणारा आहे. सुरुवातीच्या साथीदारांपैकी फ्रांचेस्को चेरोने हाही रोमशी आपल्या पायावर संबंध जोडू पाहत होता. त्याच्याशी मांदुझिओचं बिनसलं ते बिनसलंच. रब्बींनाही त्याची एक अडचण सतत होती. त्यांना प्रार्थना, पंचांग, सोवळं-ओवळं शिकणारे विद्यार्थी हवे होते; हा तर स्वप्नांत देव बोलतो म्हणणारा. ज्यू परंपरेने संदेष्ट्यांचं युग कधीच संपलं असं ठरवून टाकलं आहे. मांदुझिओने पुस्तक वाचलं होतं, पुस्तकानंतरची दोन हजार वर्षं वाचली नव्हती. त्याच्या पुस्तकात तर देव मेंढपाळाशीही बोलत होता.

1938 चे वंशकायदे आले तेव्हा उपरोधाची कमाल झाली. कायदा आईबापांचं रक्त बघत होता. त्या हिशेबाने हे लोक ज्यू नव्हतेच. म्हणजे रब्बी अजून ज्यू म्हणत नव्हते आणि सरकारही म्हणत नव्हतं. ज्यू असणं जिवावर बेतणारं असताना ज्यू म्हणवून घ्यायला ही मूठभर माणसं स्वतःहून उभी होती. हे केवळ भोळेपणाने होत नाही.

1943 च्या शरदात दोस्त सैन्य पुलियात आलं. त्या ब्रिटिश आठव्या सैन्यात आपले मराठाही होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे पुढच्या वर्षी याच इटलीत पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच सैन्यात पॅलेस्टाइनहून आलेल्या ज्यू तुकड्या होत्या, त्यांच्या ट्रकांवर दावीदाचा तारा रंगवलेला. सान निकांद्रोच्या मंडळींनी तो तारा पाहिला आणि आपलाही तारा पुढे केला. सैनिक चक्रावले. हिब्रू न येणारे, ज्यू पूर्वज नसलेले हे शेतमजूर शब्बाथ पाळतात तरी कसे!

या सैनिकांपैकी पिंखास लापिदे या लेखकाने 1953 मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि सान निकांद्रो जगाला कळलं. पुस्तक रसाळ आहे. इतकं, की कुठे घटना संपते आणि कुठे लापिदे सुरू होतो ते समजत नाही. एलेना कास्सिन या अभ्यासिकेने 1957 मध्ये फ्रेंचमध्ये गंभीर अभ्यास केला. पण रोजनिशी, पत्रं आणि सरकारी दप्तरं समोर ठेवून हिशेब मांडला तो इतिहासकार जॉन डेव्हिस यांनी, 2010 मध्ये. एकच पुस्तक वाचायचं तर त्यांचं वाचावं. लापिदेचा प्रेषित सुंदर आहे. डेव्हिसचा मांदुझिओ खरा वाटतो.

दोस्त सैन्य इटलीत असतानाच रोममध्ये काय घडलं पाहा. प्रमुख रब्बी इस्राएल झोल्ली यांनी फेब्रुवारी 1945 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पोप बाराव्या पायसचं मूळ नाव, एउजेनिओ, धारण केलं. मोठा व्यासंगी माणूस, नव्या कराराचा अभ्यासक. तोही वाचतवाचतच तिकडे गेला असं म्हणत. रोमच्या ज्यूंना हा घाव फार लागला. ज्या दाराशी मांदुझिओ पंधरा वर्षं ताटकळला, त्या दारातून खुद्द यजमान बाहेर पडला.

1946 मध्ये अखेर रोमहून माणसं आली, पुरुषांची सुंता झाली, मिकवेचं शुद्धिस्नान समुद्रात झालं. सुमारे ऐंशी जण रीतसर ज्यू झाले. आणि लगेच नवा वाद उभा राहिला: पॅलेस्टाइनला जायचं की नाही? सैनिकांनी तरुणांच्या डोक्यात तो देश भरवला होता. मांदुझिओचं म्हणणं उलट होतं. दिवा इथे दिला आहे, इथेच राहायचं. मार्च 1948 मध्ये, इस्रायलची घोषणा व्हायच्या दोन महिने आधी, तो वारला. 1949 मध्ये बहुतेक सगळे गेले. गालीलातल्या सफेदजवळ आल्मा आणि बिरिया इथे स्थिरावले. आल्मात शेजारी लिबियातून आलेले ज्यू.

कोकणातून निघालेले बेने इस्रायलीही त्याच सुमाराला इस्रायलला पोचू लागले होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते हे. त्यांच्याकडे शनिवार होता, सुंता होती, पण ग्रंथ हरवला होता. हिब्रू शिकवायला जॉन विल्सनसारखे ख्रिस्ती मिशनरी पुढे आले, 1832 मध्ये विल्सनने मराठीतून हिब्रू व्याकरणही काढलं. वळवायला गेले आणि ज्यूंना अधिक पक्के ज्यू करून बसले. सान निकांद्रोत बायबल देणाऱ्या प्रोटेस्टंटांचंही तेच झालं. पण इस्रायलमध्ये बेने इस्रायलींच्या विवाहांवर रब्बींनी शंका घेतली, आणि 1964 मध्ये आंदोलन करून, क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केल्यावर, त्यांना आपलं ज्यूपण मान्य करून घ्यावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांना पुरावा मागितला आणि कालपरवा पाळू लागलेल्यांच्या हातात दाखला होता. धर्मसंस्थेचा न्याय असाच चालतो. तिला श्रद्धेपेक्षा कागद लवकर वाचता येतो.

आल्मा-बिरियाला गेलेल्यांची मुलं पुढे इस्रायली समाजात मिसळली. मागे राहिल्या त्यांत बहुतांशी बायका होत्या. त्यांनी शनिवार सोडला नाही, आपण रचलेली गाणी सोडली नाहीत, मुलींना आणि नातींना शिकवली. निघून जाण्याच्या वादात मांदुझिओ एकटा पडला होता, पण बरोबर तोच ठरला: सान निकांद्रोत ज्यू प्रार्थना अजून होते, आणि ती चालवणाऱ्यांत बायकाच पुढे आहेत.