आंबेनळी: कातळ लाव्ह्याचा, निवड पावसाची

पोलादपूर मागे पडतं, गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि आंबेनळी घाट सुरू होतो. वर महाबळेश्वर, वाटेत प्रतापगड. प्रवासी दरीकडे बघतात. या लेखापुरतं दुसऱ्या बाजूला, रस्त्यासाठी कापलेल्या कातळाकडे बघू. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना हा घाट नावानिशी माहीत आहे तो या कातळामुळे.

पुस्तकातला घाट

कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये महाबळेश्वर परिसरातल्या लाव्ह्याच्या थरांची रासायनिक क्रमवारी मांडली. त्यातले तीन थरसमूह खालून वर असे: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. घाट चढताना आपण याच क्रमाने वर जातो. आज दख्खनच्या पठारावर कुठेही बेसाल्टचा, म्हणजे या थिजलेल्या लाव्ह्याच्या कातळाचा, तुकडा तपासला, की तो ‘आंबेनळी’च्या जातीचा आहे का, हे आवर्जून पाहिलं जातं. रायगड जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातल्या घाटाला मिळालेला हा मान आपल्या शाळांमध्ये सांगितला जायलाच हवा.

पोलादपूर आणि आंबेनळी या शेजाऱ्यांत फरक काय? पोलादपूरच्या लाव्ह्याने वर येताना वाटेतला जुना ग्रॅनाइटी खडक वितळवून पोटात घेतला. आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने निर्भेळ वर आला. हा जुना खडक खरंच खाली आहे याचा हातात धरता येईल असा पुरावा कोयनेला मिळाला. रासाटीच्या वेधनविहिरीत ९३३ मीटर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी पाया लागला.

होकायंत्र उलटं

आंबेनळीचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्या काळाच्या आगेमागेचा. तेव्हा पृथ्वीचं चुंबकक्षेत्र आजच्या उलट होतं. होकायंत्र असतं, तर त्याची उत्तरेची सुई दक्षिणेला वळली असती. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी ती दिशा पकडून ठेवली. आजही प्रयोगशाळेत ती वाचता येते.

घाटातून राजमहेंद्रीला

आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ बेसाल्टचा एक एकाकी पट्टा आहे. रसायनाने तो आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतो. २००८ मध्ये स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की पश्चिमेकडचा लाव्हा जुन्या नदीखोऱ्यांतून सुमारे एक हजार किलोमीटर वाहत तिथवर गेला असावा. तसं असेल, तर तो पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांपैकी एक ठरतो.

खरा खाणमालक: पाऊस

आता खनिजांकडे. बेसाल्टमध्ये निम्मी सिलिका असते. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं दर शंभरात प्रत्येकी बारा ते पंधरा भाग, तीही एवढी विखुरलेली, की ती काढण्यासाठी कोणी कातळ फोडणार नाही. ज्वालामुखीने माल दिला, पण वेगळा करून दिला नाही. ते काम पावसाने केलं.

महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. उबदार हवेत, लाखो वर्षं मुरणारं किंचित आम्लधर्मी पाणी कातळातला सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी नेतं आणि मग हळूहळू सिलिकाही. सुपात धान्य पाखडावं तसं विरघळणारं ते जातं, न विरघळणारं ते उरतं. उरतात लोह आणि ॲल्युमिनियम, कारण ती पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. हाच आपला जांभा. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर त्याचं झाकण आहे.

जांभ्याची गंमत कोकणात कोणालाही विचारा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. याच जांभ्यातलं लोखंड महाबळेश्वर परिसरात एकेकाळी धावड मंडळी कोळशाच्या भट्टीत गाळत. इंग्रजी आमदानीत जंगलावर निर्बंध आले, बाहेरून स्वस्त लोखंड आलं आणि भट्ट्या विझल्या. त्या माणसांची विद्या जतन झाली नाही, ही हानी मला फार मोठी वाटते.

जिथे लोहसुद्धा बऱ्यापैकी निघून गेलं आणि ॲल्युमिनियम साचलं, तिथे बॉक्साइट तयार झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला त्याच्या खाणी आहेत आणि माल बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात जातो. साधारण चार-पाच टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना निघतं आणि त्यातून एक टन ॲल्युमिनियम. स्वयंपाकघरातला कुकर म्हणजे शेवटी पावसाने निवडलेली माती आहे.

गोव्याच्या लोहखनिजाचा आईखडक वेगळा, बेसाल्टहून कितीतरी जुना. पण तिथेही सिलिका धुऊन नेऊन लोहाचं प्रमाण वाढवलं ते पावसानेच.

महाबळेश्वरचं खनिज मात्र जागेवरच राहिलेलं बरं. जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. सावित्री, कृष्णा, कोयना यांचा उगम त्या जांभ्याच्या छपराखाली आहे. तिथलं पाणी कुठल्याही धातूपेक्षा मोलाचं आहे.

काळ्या वाळूतून पांढरा रंग

बेसाल्टमधलं टायटॅनियमही वाया जात नाही. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर काळी, जड वाळू दिसते. त्यात टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट असतं. त्यापासून बनतं टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्याशुभ्र रंगाचा मुख्य घटक.

भोकांतले मणी

कातळात पांढरे, गुलाबी, काचेसारखे खडे दिसले, तर ते बहुधा झिओलाइट. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे रिकामे झाले, नंतर गरम पाण्याने त्यांत स्फटिक भरले. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना हवं असतं. झिओलाइटच्या अंगात सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून कारखान्यात बनवलेलं झिओलाइट कपड्यांच्या पावडरीत पाण्याचा जडपणा शोषतं आणि तेलशुद्धीकरणात पेट्रोल बनवायला मदत करतं. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर दूषित पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम पकडायलाही झिओलाइट वापरलं गेलं.

एक कातळ, दोन माती

घाटाच्या वरती देशावर पाऊस कमी, म्हणून सिलिका फारशी जात नाही. तिथे बेसाल्टपासून माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती बनते. तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं, ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. कापसाची काळी जमीन ती हीच. इकडे कोकणात सिलिका धुपल्याने केओलिनाइट बनतं. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, ते फारसं फुगत नाही. महाड-पोलादपूरच्या भातखाचरात चिखलणी करतात, तेव्हा मातीची भोकं बुजतात आणि पाणी खाचरात उभं राहतं. चिकणमातीचं विज्ञान शेतकऱ्याच्या पायांना आधीपासून ठाऊक आहे.

घाटाच्या कापात दोन लाव्हाथरांमध्ये विटकरी पट्टेही दिसतात. एक लाव्हा थिजल्यावर त्यावर जी माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याने भाजली, म्हणून हा रंग. अशा सांध्यांवरून पाणी झिरपतं आणि झरे फुटतात.

मुरलेलं पाणी प्रमाणाबाहेर गेलं, तर मात्र हीच माती घात करते. खाली अभंग कातळ, वर मातीचा जाड थर, त्यात दिवसेंदिवस कोसळणारा पाऊस. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडींखाली माणसं गेली. डोंगरउतारावर राहणाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती: जमिनीला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा झाडं-खांब कलायला लागले, तर तहसील कार्यालयाला कळवा आणि उत्तराची वाट न बघता मुलाबाळांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा.