दिवा लागतो, पडदा काळाच

मे महिन्यातली दुपार. झाशीच्या इलाइट चौराह्यावर ई-रिक्षावाले जिथं सावलीची पट्टी मिळेल तिथं गाडी लावून बसलेत. जवळच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कूलर घरघरतोय. पाठीवरची सॅक उतरवून एक विद्यार्थिनी लॅपटॉप काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "भैया, चालू नहीं हो रहा."

दुकानदार पेचकस उचलत नाही. आधी तीन प्रश्न विचारतो. चार्जर लावल्यावर दिवा लागतो का? बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? पडद्यावर काही म्हणजे काहीच येत नाही, की कंपनीचं नाव येऊन थांबतं? मुलीचं उत्तर: दिवा लागतो, पंखाही फिरतो, पडदा मात्र काळाच.

एवढ्या उत्तरावर निम्मं निदान होतं. 'चालू होत नाही' ही गिऱ्हाइकाची भाषा झाली. दुरुस्तीवाल्यांच्या लेखी त्याचे किमान तीन वेगळे आजार असतात. दिवाच नाही, तर मशीन 'डेड'. दिवा आणि पंखा आहे पण चित्र नाही, तर 'नो डिस्प्ले'. चित्र येतं आणि पुढं सरकत नाही, तर बहुधा डिस्कचा किंवा विंडोजचा घोळ. तिन्हींचे उपाय वेगळे, खर्च वेगळे. पहिल्याचं औषध तिसऱ्याला दिलं तर पैसे जातात आणि कधीकधी आतले फोटो, प्रबंध, हिशेबही जातात.

बटण दाबल्यावर आत काय घडतं हे कळलं की ही विभागणी आपोआप उलगडते. ते बटण थेट प्रोसेसरला उठवत नाही. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, दुकानातले लोक तिला 'आयओ' म्हणतात. लॅपटॉप बंद असतानाही ती जागीच असते. बटणाचा इशारा तिला मिळतो आणि ती एकेक वीजवाट क्रमानं उघडते. चार्जरकडून साधारण 19 व्होल्ट येतात. त्यांतून 5 आणि 3.3 व्होल्ट तयार होतात, डीडीआर-4 जातीच्या रॅमला 1.2 आणि प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास वीज पोचते. मग बायोस नावाचा मूळ प्रोग्रॅम जागा होऊन रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. हजेरी पूर्ण झाली की तो डिस्कवरच्या विंडोजच्या हाती सूत्रं देतो. ही साखळी कुठंही तुटली तरी घरातल्या माणसाला दिसतं ते एकच: लॅपटॉप बंद.

'डेड' मशीनपासून सुरुवात करू, कारण घाबरगुंडी तिथंच जास्त उडते आणि फुकटचे उपायही तिथंच जास्त आहेत. दुसरं सॉकेट, शक्यतो दुसरा चार्जर, ही पहिली पायरी. अनेक नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जर लागतो आणि मोबाइलच्या चार्जरची पिनही त्यात बसते, म्हणून लोक तोच लावून पाहतात. पण लॅपटॉपला 45 किंवा 65 वॉट लागत असतील तिथं मोबाइलचा छोटा चार्जर पुरा पडत नाही, आणि मशीन बिघडलं असा गैरसमज होतो.

दुसरी पायरी अनेकांना जादूटोण्यासारखी वाटते. चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची आणि बटण तीसेक सेकंद दाबून धरायचं. मग फक्त चार्जर जोडून पाहायचं. यात जादू काही नाही. विजेच्या झटक्यानं किंवा झोपेतून अर्धवट उठताना ती आयओ चिपच कधी अडकून बसते. उरलीसुरली वीज निघून गेली की ती नव्यानं कामाला लागते. इन्व्हर्टरची खटखट आणि व्होल्टेजचे चढउतार ज्या गावांत रोजचे, तिथं हा उपाय विशेष लागू पडतो.

एवढं करूनही दिवा लागला नाही तर मात्र दुकान गाठावं. तिथं टेबलावर डीसी सप्लाय नावाची पेटी असते. कारागीर चार्जरऐवजी तिची वायर लॅपटॉपला जोडतो आणि तिच्यावरचा अँपिअरचा आकडा बघतो. आकडा शून्यावरच राहिला तर वीज आत शिरतच नाही. चार्जरची खाच, म्हणजे डीसी जॅक, सैल झालेली असू शकते. वायर लावताक्षणी आकडा उसळला आणि पेटीनं वीज तोडली तर बोर्डावर कुठंतरी शॉर्ट आहे. मग शोध सुरू होतो तो तिळाएवढ्या कपॅसिटरांचा. बोर्डावर राळेचा धूर धरून पांढरा पापुद्रा बसवतात आणि अगदी कमी व्होल्टची वीज सोडतात. जो भाग शॉर्ट असतो तो तापतो आणि नेमका त्याच्यावरचा पापुद्रा वितळून काळा ठिपका उघडा पडतो. काही रुपयांचा तो कपॅसिटर काढून टाकला की कित्येकदा 'मेलेला' बोर्ड उठून बसतो. मजुरी कपॅसिटरची नसते, तो ठिपका सापडल्याची असते.

झाशीत या सगळ्यावर ऊन आपला हात फिरवतं. 28 मे 2024 रोजी इथं पारा 49 अंशांवर गेला होता. बहुतेक लॅपटॉप कंपन्या मात्र आपलं यंत्र 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं असं पुस्तिकेत छापतात. बुंदेलखंडातल्या उन्हाळ्यात पंखा आत ओढतो ती हवाच त्याहून तापलेली असते. तिच्याबरोबर लू म्हणजे तापल्या वाऱ्याची बारीक धूळ येते आणि पंख्याच्या तोंडाशी, तांब्या-ॲल्युमिनियमच्या पापड्यांवर नमद्यासारखी साचते. प्रोसेसरवर लावलेली उष्णता वाहून नेणारी पेस्टही काही वर्षांत वाळते. मग प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. लॅपटॉप दहा मिनिटं चालून बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर आधी हीच शंका घ्यावी. गादीवर ठेवून काम करणाऱ्यांचा त्रास दुप्पट, कारण हवेची जाळी खालच्या अंगाला असते.

उष्णतेचा दुसरा बळी बॅटरी. लिथियम-आयन सेल 45 अंशांपलीकडे चार्ज करणं धोक्याचं असतं. सतत तापलेली, सतत शंभर टक्के भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते आणि कधी फुगते. टचपॅड वर आला, झाकण नीट बसेनासं झालं तर लॅपटॉप दाबून बंद करू नये, चार्जरही लावू नये. 2006 च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीनं सोनीचे सेल असलेल्या 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, त्या पेट घेण्याच्या धोक्यामुळेच.

आता त्या विद्यार्थिनीच्या 'नो डिस्प्ले'कडे. इथं पहिला सवाल असा की मशीन खरंच अडलंय, की नुसता पडदा गेलाय. कॅप्सलॉक दाबावं. त्याचा दिवा लागतो-विझतो असं झालं तर लॅपटॉप बहुधा आत व्यवस्थित चालू आहे. मग एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडून पाहावं, किंवा अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय, बाकी सगळं शाबूत. काही मशीन हजेरीत कोण गैरहजर आहे ते 'बीप' वाजवून किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून सांगतात. त्या खुणांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून आकडा मोजून आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेत पाहायचा.

तिच्या लॅपटॉपचं कॅप्सलॉक हलत नाही. दुकानदार आता पेचकस घेतो. खालचं झाकण काढतो आणि सर्वांत आधी बॅटरीची पिन सोडवतो. रॅमची पट्टी दोन बोटांनी बाजूच्या चिमट्यांतून मोकळी करतो. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर काळपट थर आलाय. ड्रॉवरमधून तो शाळेतल्या मुलांचा असतो तसला पांढरा खोडरबर काढतो, दातांवरून हलक्या हातानं फिरवतो, कुसकर झटकतो आणि पट्टी पुन्हा तिरपी घालून टक् आवाज येईपर्यंत दाबतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत कुठल्याही कारागिराच्या टेबलावर पाहा, महागड्या उपकरणांशेजारी हा खोडरबर असतोच. कूलरची दमट हवा आणि धूळ यांनी दातांवर थर चढतो, रॅमचा संपर्क तुटतो, बायोसची हजेरी तिथंच अडते. कित्येक 'नो डिस्प्ले' एवढ्यावर मिटतात.

तिसरी जात वेगळी. चित्र येतं, गोल फिरत राहतं, किंवा निळा पडदा येऊन मशीन पुन्हापुन्हा सुरू होतं. यात यंत्राचा भाग बिघडलेलाच असतो असं नाही. 19 जुलै 2024 ला हे साऱ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास एक छोटी अपडेट फाइल पाठवली. प्रोग्रॅम 20 रकान्यांची माहिती देत होता आणि नवी फाइल एकविसावा रकाना मागत होती. एवढ्या चुकीनं विंडोज सुरू होता होताच कोसळू लागलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतात विमानतळांवर चेक-इन ठप्प झालं आणि प्रवाशांच्या हाती पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

कंपनीनं सव्वा तासात चूक मागं घेतली, पण तोवर अडकलेल्या मशीनना ती दुरुस्ती मिळेना. जो संगणक सुरूच होत नाही त्याला इंटरनेटवरून औषध कसं पाजणार? शेवटी माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हातानं पुसावी लागली. घरच्या लॅपटॉपलाही हीच वाट आहे. विंडोज सुरू होताना दोन-तीनदा बटण दाबून धरून बंद केलं की पुढच्या खेपेला दुरुस्तीचा निळा मेनू येतो. त्यात स्टार्टअप रिपेअर, नुकतंच आलेलं अपडेट काढणं आणि सेफ मोड हे पर्याय असतात.

तिथं एक कुलूप आडवं येऊ शकतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरनं बंद केलेली असते, मालकाला त्याची खबरही नसते. दुरुस्तीच्या वेळी 48 आकडी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप धड आहे तोवरच ती वहीत उतरवून ठेवावी.

'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आला तर बायोसच्या यादीत डिस्कचं नाव दिसतं का ते आधी पाहावं. नाव नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा गेलीय. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टिकटिक ऐकू येत असेल तर एकदाही पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात आतल्या तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. आणि दुकानात पाऊल टाकतानाच सांगावं की आतला डेटा हवा आहे. 'विंडोज टाकून देतो' या तीन शब्दांत बहुधा डिस्क पुसणंही येतं. एसएसडीवरून पुसलेलं परत मिळणं तर फारच अवघड.

चहा सांडलेल्या लॅपटॉपचं वेगळंच. तो तांदळात पुरून उपयोग नाही. तत्क्षणी बंद करावा, चार्जर काढावा, तंबूसारखा उलटा ठेवावा आणि तसाच दुकानात न्यावा. सुरू होतोय का हे बघण्याचा मोहच बोर्ड जाळतो, आणि आत राहिलेला चहा पुढंही बोर्डाचं तांबं खात राहतो.

उत्तर प्रदेशात ही दुकानं का चालतात याला थोडा इतिहासही आहे. 2013 च्या मार्चमध्ये अखिलेश यादव सरकारनं बारावी उत्तीर्ण मुलांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. एचपीचं मशीन सरकारला एकोणीस हजारांच्या आसपास पडलं होतं आणि सुमारे 15 लाख लॅपटॉप वाटले गेले. पडद्यावर मुख्यमंत्र्यांची आणि त्यांचे वडील मुलायमसिंह यांची छबी झळके. कितीतरी घरांतला तो पहिलाच संगणक. सरकारनं मशीन दिलं. ते बंद पडल्यावर कुठं जायचं हे ज्यानं त्यानं चौकात येऊन शोधलं.

काउंटरवरच्या लॅपटॉपचं झाकण लागतं. बटण दाबल्यावर कंपनीचं नाव येतं, मग विंडोज. मुलगी मोबाइलचं इंटरनेट जोडून विद्यापीठाचं पान उघडते. ब्राउझर लाल इशारा देतो: ही जागा सुरक्षित नाही. ती पुन्हा घाबरते. दुकानदार पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवतो. तारीख आहे 1 जानेवारी 2019. मघाशी रॅम काढताना बॅटरी सोडवली होती. त्या वेळात घड्याळ चालवण्याचं काम मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचं. तो संपलेला, म्हणून तारीख मागं गेली, आणि वेबसाइटचा दाखला त्या तारखेशी जुळेना.

झाकण पुन्हा उघडतं. तीन व्होल्टचा नवा सीआर-2032 वायरीसकट जागेवर बसतो. जुना सेल ड्रॉवरमधल्या प्लास्टिकच्या डबीत पडतो. दुकानदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून तारीख घालतो आणि वेळ मात्र मुलीला विचारतो. ती मोबाइल बघून सांगते: चार वाजून बारा मिनिटं.