एका दिवसाचे टोकियो

टोकियो हे कायद्याच्या दृष्टीने शहर नाही. 1943 साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, टोकियो शहर आणि टोकियो प्रांत यांचे विलीनीकरण करून 'टोकियो-तो' म्हणजे राजधानीचा एकच प्रांत निर्माण करण्यात आला, तेव्हाच शहराची महापालिका संपुष्टात आली. आज जग ज्याला टोकियो म्हणते तो भाग वस्तुतः 23 विशेष प्रभागांचा समूह असून, जपानीत 'कु' म्हटल्या जाणाऱ्या या प्रत्येक प्रभागाला स्वतःचा निवडून आलेला महापौर आणि स्वतःची सभा आहे. या 23 प्रभागांत 95 लाखांहून अधिक आणि संपूर्ण प्रांतात सुमारे 1 कोटी 40 लाख लोक राहतात. अशा वस्तीला एक मध्यवर्ती चौक, एक बाजारपेठ आणि एक वेस असण्याची अपेक्षा ठेवून जो प्रवासी सकाळी बाहेर पडतो, त्याच्या हाती संध्याकाळी स्थानकांची नावे तेवढी उरतात, आणि म्हणूनच एका दिवसाच्या खासगी सहलीचा प्रश्न हा किती स्थळे पाहावीत याचा नसून कोणती सोडून द्यावीत याचा आहे.

या प्रांताची जुनी विभागणी जुना जालना येथील वाचकाला समजायला अवघड जाऊ नये. कुंडलिका नदीने जालन्याचे जुने आणि नवे असे दोन भाग केले, तसेच टोकियोचेही दोन भाग परंपरेने मानले जातात. फरक एवढाच, की तेथे विभागणी नदीने नव्हे तर जमिनीच्या उंचीने केली आहे. पूर्वेकडील सुमिदा नदीकाठच्या सखल भागाला 'शितामाची' म्हणजे खालची वस्ती म्हणतात, आणि तेथे कारागीर, कोळी व व्यापारी राहत. पश्चिमेकडील उंचवट्याला 'यामानोते' म्हणत, आणि तेथे सरदारांचे वाडे असत. तोकुगावा घराण्याने 1603 साली आपले शासन येथे स्थापन केले तेव्हापासून 1868 पर्यंत या नगरीचे नाव एदो होते. एदोचे जे काही अंगवळणी पडलेले जगणे आज शिल्लक आहे ते बहुतांशी खालच्या वस्तीत आहे, तर ज्या झगमगाटाची छायाचित्रे जगभर जातात तो वरच्या वस्तीत आहे. एका दिवसात दोन्ही भाग सारख्याच मापाने पाहू गेल्यास एकही धड पाहून होत नाही. सबब दिवसाचा मोठा वाटा पूर्वेला द्यावा आणि पश्चिमेला उरलेसुरले द्यावे, असे या वार्तापत्राचे मत आहे.

खासगी सहल म्हणजे एका कुटुंबापुरता किंवा चार-सहा जणांपुरता ठरवलेला वाटाड्या, जो साधारणतः सहा ते आठ तास सोबत राहतो आणि मार्ग पाहुण्यांच्या प्रकृतीप्रमाणे व आवडीप्रमाणे बदलतो. त्याच्या मेहनतान्याखेरीज त्याचे रेल्वेभाडे, प्रवेशशुल्क आणि अनेकदा दुपारचे जेवणही पाहुण्यांकडेच असते. जपानने हा व्यवसाय दीर्घकाळ कडक बंधनात ठेवला होता. 1949 च्या कायद्यानुसार परदेशी भाषेत मोबदला घेऊन स्थळदर्शन घडवण्याचा अधिकार केवळ राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दुभाष्या-मार्गदर्शकालाच होता, आणि या परीक्षेत भाषेबरोबरच जपानचा इतिहास, भूगोल व सामान्यज्ञान यांचीही कसोटी लागते. परीक्षेच्या दहा भाषांत इंग्रजी, चिनी, कोरियन, थाई आहेत. हिंदी नाही, मग मराठीचे नाव कशाला! पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढल्यावर हा निर्बंध निभेना, आणि जानेवारी 2018 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने परवाना नसलेल्यांनाही हा व्यवसाय मोकळा झाला. राखीव राहिली ती केवळ पदवी, म्हणजे परीक्षा न देता स्वतःला राष्ट्रीय दुभाष्या-मार्गदर्शक म्हणवून घेता येत नाही. टोकियोत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने मोबदला घेऊन मराठीतून शहर दाखवणे या दुरुस्तीमुळेच कायदेशीर ठरले, अर्थात त्याच्या निवासाच्या परवान्यात असे काम करण्याची मुभा असेल तर.

मोटारीच्या बाबतीत मात्र कायदा अजूनही बराच कडक आहे. मोबदला घेऊन प्रवासी नेणाऱ्या वाहनाला तेथे सामान्यतः हिरवी पाटी असते आणि चालकाजवळ दुसऱ्या वर्गाचा परवाना असावा लागतो. पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीतून परवानगीशिवाय पैसे घेऊन फिरवणाऱ्याला लोक 'शिरोताकु' म्हणजे पांढरी टॅक्सी म्हणतात, आणि तो गुन्हा आहे. भारतीय पाहुण्याची येथे हमखास फसगत होते, कारण पिवळी पाटी दिसली की टॅक्सी असे आपल्या डोळ्यांना वळण पडलेले असते, तर जपानात पिवळी पाटी ही 660 घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या छोट्या घरगुती मोटारीची खूण आहे. परवान्याची मोटार मिळाली तरी ती वाहनतळाच्या शोधात वेळ खाते. गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, चाकांच्या खुर्चीसाठी किंवा भर पावसासाठी मोटार योग्यच आहे. एरवी टोकियो रेल्वेनेच पाहावे, आणि वाटाड्याची खरी परीक्षाही तेथेच होते, कारण फलाटावरील उद्वाहन कोणत्या डब्यासमोर येते आणि कोणत्या दाराने बाहेर पडल्यास दोन जिने वाचतात, हे ज्याला ठाऊक असते तोच आपल्या मेहनतान्याला पात्र ठरतो.

दिवसाचा आरंभ आसाकुसा येथे, शक्यतो नऊच्या आत, करावा. येथील सेन्सोजी हे टोकियोतील सर्वांत जुने बौद्ध मंदिर मानले जाते, आणि आख्यायिका अशी, की 628 साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, संकटातून तारणारा बोधिसत्त्व. 1981 पर्यंत जालना ज्या जिल्ह्याचा भाग होता, त्याच्या मुख्यालयाजवळच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात हाच अवलोकितेश्वर अष्टमहाभयांतून भक्तांना सोडवताना कोरलेला आहे. तेथे तो दगडात सर्वांसमोर उभा आहे, तर सेन्सोजीतील मूळ मूर्ती कोणालाही दाखवली जात नाही. दर्शनाला आलेला माणूस न दिसणाऱ्या मूर्तीपुढे नाणे टाकतो, हात जोडतो आणि परततो.

प्रवेशाच्या 'कामिनारिमोन' या दरवाजाखाली लाल कागदी कंदील टांगलेला असतो, त्याची उंची 3.9 मीटर आणि वजन सुमारे 700 किलो आहे. गर्दी समोरून छायाचित्र घेते आणि पुढे सरकते. परंतु कंदिलाच्या खाली उभे राहून मान वर केल्यास तळाला कोरलेला नाग-ड्रॅगन दिसतो आणि खालच्या धातूच्या कड्यावर मात्सुशिता या विद्युत कंपनीचे नाव वाचता येते. हीच कंपनी पुढे पॅनासॉनिक या नावाने ओळखली गेली. तिचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांनी दुखणे बरे झाल्याच्या कृतज्ञतेने 1960 साली हा दरवाजा बांधून दिला. म्हणजे टोकियोची सर्वाधिक छायाचित्रित 'प्राचीन' वास्तू हा एका उद्योगपतीने फेडलेला नवस आहे. मुख्य मंदिरही मार्च 1945 च्या हवाई हल्ल्यात, ज्यात एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली, जळून गेले आणि 1958 साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभे राहिले. त्याआधी 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने खालची वस्ती एकदा बेचिराख केलीच होती. वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरातून आलेल्या माणसाला पुरातन म्हणजे दगड हे गृहीत असते. लाकूड आणि आग यांच्या देशात जुनेपण वास्तूत कमी आणि जागेत, रूढीत व सणांत अधिक टिकते, आणि ही गोष्ट न सांगता जो वाटाड्या केवळ सनावळी घोकतो तो पाहुण्यांची दिशाभूलच करतो. खरोखर जुना असा 1618 चा 'नितेनमोन' हा दरवाजा मंदिराच्या पूर्व अंगाला आहे, पण तिकडे बहुतेक गट फिरकतही नाहीत.

याच दरवाजातून बाहेर पडून ईशान्येस दहा मिनिटे चालले की नदीकाठच्या एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे मंदिर लागते, आणि मराठी पाहुण्यासाठी ते चुकवू नये असे आहे. शोदेन किंवा कांगितेन हा बौद्ध तंत्रमार्गातून चीनमार्गे जपानात गेलेला गणपतीच होय. त्याचे सर्वांत परिचित रूप परस्परांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुख देवतांचे आहे, परंतु तेही गाभाऱ्यात झाकलेले असते. बाहेर दिसतात त्या दोन खुणा, एक नाडीची थैली आणि दुसरी परस्परांना बिलगलेले दोन मुळे, पैकी थैली ही व्यापारातील बरकतीची आणि मुळे हे आरोग्याची व दांपत्यसुखाची खूण मानतात. येथे दूर्वा-जास्वंद नाही. भक्त मंदिरातच पांढराशुभ्र, मनगटापेक्षा जाड मुळा विकत घेतो आणि देवापुढे ठेवतो, आणि दुपारपर्यंत देवापुढे मुळ्यांची रास लागते. कांगितेनच्या नैवेद्यात सुगंधी द्रव्ये घातलेले सारण थैलीच्या आकारात बांधून तेलात तळलेला एक पदार्थ असतो, आणि तळणीचा मोदक ज्याने खाल्ला आहे त्याला त्याचे मूळ निराळे सांगावे लागत नाही. येथील शांततेचा भंग करून आरती म्हणण्याचा मोह मात्र आवरावा.

आसाकुसाहून उएनोला नेणारा गिंझा भुयारी मार्ग 30 डिसेंबर 1927 रोजी सुरू झालेला, आशियातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग होय, आणि हे अंतर अवघ्या काही मिनिटांचे आहे. उएनोच्या शिनोबाझु तलावातील बेटावर बेंतेन म्हणजे सरस्वती आहे. राष्ट्रीय संग्रहालय जवळच आहे, पण ते सामान्यतः सोमवारी बंद असते, आणि एका दिवसाच्या सहलीत त्याला तासभर देणे म्हणजे त्याचा आणि स्वतःचा दोघांचाही अवमान आहे.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न शाकाहारी कुटुंबासाठी सर्वांत बिकट असतो. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' हा अर्क आहे, आणि तो बहुधा धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. मिसोचे सूप, सोबा शेवयांची बुडवणी, वाफवलेल्या भाज्या, तळलेल्या टोफूवरचा रस या सर्वांत तो असतो. मांस नको असे सांगितल्यास वाढपी प्रामाणिकपणे मान डोलावतो, कारण अर्कातील मासा हा त्याच्या हिशेबी मासाच नसतो. वाटाड्याने आदल्या दिवशी दूरध्वनी करून जागा राखून ठेवावी हे उत्तम. बौद्ध मठांतील 'शोजिन र्योरी' या पाकपद्धतीत दाशी समुद्री शेवाळाची व वाळवलेल्या अळिंबीची असते, आणि लसूण-कांदाही वर्ज्य असतो, त्यामुळे जालन्याच्या मारवाडी वा जैन घरातील पाहुण्याला ती बरीचशी चालते. कंदमुळांचा आणि अळिंबीचा आक्षेप मात्र तेथे कायम राहतो. नड भागवायची तर कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातील भाताचा त्रिकोणी गोळा, आत खारवलेले उमे फळ असलेला, घ्यावा. तोही चालता चालता खाऊ नये, कारण ते तेथे असभ्य समजतात, आणि वेष्टन खिशात ठेवावे, कारण रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही.

पश्चिमेकडील भागासाठी दुपारचे तीन तास पुरेत. यामानोते हा 34.5 किलोमीटरचा वर्तुळाकार रेल्वेमार्ग 30 स्थानकांना जोडून सुमारे तासाभरात फेरी पुरी करतो, आणि त्यावरील हाराजुकू येथे उतरल्यास मेइजी सम्राटाच्या स्मरणार्थ 1920 साली उभारलेले शिंतो देवस्थान व त्याभोवतीचे, देशभरातून आलेल्या सुमारे एक लाख झाडांचे लावलेले अरण्य पाहता येते. शिबुयाचा चौक पाच मिनिटांत पाहून होतो. उंचावरून दर्शन घ्यायचे तर 634 मीटरच्या स्कायट्रीचे तिकीट काढण्याऐवजी शिंजुकू येथील प्रांत-शासनाच्या इमारतीत 202 मीटर उंचीवरचा विनाशुल्क मजला गाठावा. ही इमारत वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी रचलेली आहे. त्याच शिंजुकूत नाकामुराया हे दुकान आहे, ज्याच्या मालकांनी ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून निसटलेल्या रासबिहारी बोस यांना 1915 साली आसरा दिला, पुढे जावई करून घेतले, आणि जेथे 1927 पासून त्यांनी शिकवलेली भारतीय करी विकली जाते. त्या करीत कोंबडी असते, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ज्यांच्यासाठी अशी सहल बहुतेकदा ठरवली जाते ते मुला-सुनेकडे आलेले आईवडील असतात, आणि त्यांनी संध्याकाळी पुन्हा पूर्वेला, एदोगावा प्रभागातील निशिकासाई येथे उतरावे. 2000 सालच्या संगणकीय तारीख-संकटाच्या निमित्ताने भारतीय अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले, तेव्हा खासगी घरमालक जामीनदार व 'रेइकिन' म्हणजे परत न मिळणारी नजराण्याची रक्कम मागत; सार्वजनिक गृहसंस्थेच्या सदनिकांना यातले काहीच लागत नसे, अशा सदनिका निशिकासाई परिसरात होत्या, आणि तोझाई मार्गाची गाडी तेथून थेट निहोनबाशी व ओतेमाची या बँका-कचेऱ्यांच्या भागात जाई. भारतीय वस्ती येथे वाढली ती या दोन कारणांनी. याच प्रभागाच्या सभेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, आणि जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतात जन्मलेले पहिले नागरिक ठरले. प्रभागाला स्वतःची सभा असल्यामुळेच हे घडू शकले. भारतीय किराणा दुकानात तूरडाळ, पोहे, हिंग मिळतात. सहलींच्या माहितीपत्रकात या स्थानकाचे नाव नसते, कारण येथे छायाचित्र घेण्याजोगे काही नाही. परंतु मुलगा घरभाडे कसे भरतो, नातवंड कोणत्या शाळेत जाते आणि भाजी कोठून येते, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांनी वाटाड्याला येथेच निरोप द्यावा, त्याच्या हाती ठरलेली रक्कम पाकिटात घालून द्यावी, वर बक्षिसी देऊ नये, आणि परतीची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते एवढे ध्यानात ठेवून सावकाश जेवावे.