वडगाव स्टेशनाजवळचा एक केस

आधी एक केस उपटा. डोक्यावर शिल्लक असेल तर स्वतःचा, नाहीतर घरातल्या कुणाचा तरी. त्याची जाडी मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास. आता हा एक केस म्हणजे आपल्या डीएनएतलं एक अक्षर, असं समजा आणि सीएसएमटीच्या फलाटापासून केसाला केस चिकटवून मांडत चला. दादर गेलं, ठाणे गेलं, कल्याण गेलं. घाट चढा, लोणावळ्याला चिक्की घ्या, पुन्हा मांडायला लागा. १९२ किलोमीटरवरचं पुणे स्टेशन येईल तेव्हा कुठे माणसाची पोथी संपेल. ३१० कोटी अक्षरं! सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता वाचायला बसलात तर ९८ वर्षं लागतील.

आणि ही एकच प्रत झाली. एक आईकडची, एक बापाकडची, म्हणजे अप आणि डाउन असे दोन्ही मार्ग केसांनी भरायचे. एवढा सगळा पसारा गालाच्या आतल्या एका पेशीत, जी नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही!

हे गालाचं अस्तर सतत झिजतं आणि सतत नवं येतं. दर वेळी दुभंगण्याआधी पेशी दोन्ही मार्गांची नक्कल उतरवते, तीही आठेक तासांत. भागाकार करून बघा: सेकंदाला दोन लाखांहून अधिक अक्षरं. चुका किती? पेशीतल्या दुरुस्तीवाल्यांचा हात फिरून झाल्यावर १०० कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी. म्हणजे सीएसएमटी ते अंबरनाथ एवढ्या पट्ट्यात एक केस वाकडा! (आमच्या मासिकाचं मुद्रितशोधन या पेशींकडे द्यावं, असं मी संपादकांना सुचवणार आहे.)

आता गाडी वडगावला थांबवू. पहिल्या गुणसूत्रापासून क्रमाने मांडत आलात, तर १७व्या गुणसूत्रावरचं टीपी५३ नावाचं जनुक साधारण इथेच कुठेतरी येतं. लांबी चारेक फूट. त्यातही प्रथिन घडवणारी कामाची अक्षरं वेगळी काढून जोडली तर ११८० च्या आसपास, म्हणजे सात सेंटिमीटर. एका बिडीएवढी! मुंबई-पुणे मार्गावरचा हा बिडीएवढा तुकडा पेशीचा रखवालदार आहे. डीएनए बिघडला की हा लाल सिग्नल देतो, दुरुस्ती करून घेतो, आणि दुरुस्ती होणारच नसेल तर पेशीला मरायला लावतो.

अमेरिकेत २०१५ साली डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या २७९ गाठींचा जनुकीय हिशेब प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूमुळे न झालेल्या गाठींपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक गाठींमध्ये हाच रखवालदार मोडलेला. आपल्याकडे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेबरोबर गाल आणि हिरडीचे ११० कर्करोग तपासले. २०१३ साली निष्कर्ष आला, त्यातही टीपी५३ होतंच. आणि ज्या घशाच्या कर्करोगामागे एचपीव्ही असतो, तिथली गोष्ट आणखी भन्नाट. आपल्या मापाने या विषाणूची अख्खी पोथी अर्ध्या मीटरची. हातभर विषाणू १९२ किलोमीटरवाल्याच्या रखवालदाराचं प्रथिनच नाहीसं करतो, तेही वडगावच्या एकाही केसाला धक्का न लावता!

बाकीच्या कर्करोगांना तंबाखूची मदत होते. रोज वीस सिगारेटी, वर्षभर. २०१६ साली शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला: तोंडाच्या प्रत्येक पेशीत सरासरी २३ कायमचे बदल, घशाच्या ३९, स्वरयंत्राच्या ९७. म्हणजे चार पाकिटं संपायच्या आत स्वरयंत्राच्या प्रत्येक पेशीत एक केस वाकडा. वीस वर्षं ओढा. १ लाख ४६ हजार सिगारेटी एकापुढे एक ठेवल्या तर रांग सीएसएमटीहून निघून दादरच्याही पुढे जाते. सिगारेट दहा रुपयांना धरली तर १४ लाख ६० हजार रुपये. एवढे मोजून विकत काय घेतलं? स्वरयंत्राच्या पेशी-पेशीत १,९४० वाकडे केस!

बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. रुळालगतच्या गवतात पडलेले. पण एखादा नेमका त्या बिडीएवढ्या तुकड्यात पडतो. दुसऱ्या मार्गावरचा तेवढाच तुकडा अनेकदा हरवतो. आणखी दोन-चार जनुकं बिघडतात आणि एक पेशी थांबेनाशी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. कागदावर ३० वेळा दुप्पट करा: १०७ कोटी! या सगळ्या भिजवलेल्या हरभऱ्याएवढ्या गाठीत मावतात. पण पेशीऐवजी ज्वारीचा दाणा धरलात तर दहा फूट रुंद, वीस फूट खोल विहीर जवळपास काठापर्यंत भरते. सुमारे तीनशे क्विंटल ज्वारी, एका दाण्यापासून.

अशा विहिरी भारतात किती? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार फक्त ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे १ लाख ४३ हजार. दिवसाला ३९० च्या वर. दर पावणेचार मिनिटांच्या आत एक. सकाळी पुण्याहून डेक्कन क्वीन सुटते आणि सुमारे सव्वातीन तासांनी सीएसएमटीला लागते, तेवढ्या वेळात पन्नासहून अधिक. घसा आणि स्वरयंत्र यात धरलेलेच नाहीत.

केस उपटायला आरशासमोर उभे राहिलाच होतात, तर जरा तोंडही उघडून बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवून या.